अंधारात सुरू होणारं पद

अकोल्याच्या नाट्यगृहात तांत्रिक तालमीसाठी आम्हाला सकाळचीच वेळ मिळाली होती. दुपारी स्पर्धेतला प्रयोग. संगीत नाटक, नायिका मी आणि तबल्यावर माझे बाबा. अमरावतीत आम्ही एका शाळेच्या वर्गात तालमी केल्या, तेव्हा बाबा माझ्या समोर बसायचे. इथे वादकांची जागा विंगेत, काळ्या पडद्याच्या कडेला.

दुसऱ्या अंकातलं पद पूर्ण अंधारात सुरू व्हायचं. दिवे गेले. मी आलाप घेतला, मुखडा घेऊन समेवर आले. तबला वाजलाच नाही.

"थांबा! परत घ्या," दिग्दर्शक खालून ओरडले.

परत तेच. विंगेत गेले तर बाबा तबल्यावर हात ठेवून, मान पुढे काढून अंधारात पाहत होते.

"बाबा, काहून नाही उचललं?"

"हा स्पीकर बंद हाय वाटते." वादकांना गाणं ऐकू यावं म्हणून तो त्यांच्या पायाशीच ठेवला होता.

"काका, फुल आवाज आहे," ध्वनी सांभाळणारा म्हणाला. पेटीवाल्या काकांनी मान खाली घातली.

तेव्हा मला उमगलं. इतके दिवस, आज उजेडातल्या पदांनाही, बाबा माझे ओठ आणि हात पाहून वाजवत होते.

दिग्दर्शकांनी मला बाजूला घेतलं. "माझ्या मोबाइलमध्ये ठेक्याचा ट्रॅक आहे. आजच्यापुरता तो लावू. वडिलांना तूच सांग."

बार्शीटाकळीपासून अचलपूरपर्यंत जयंतीच्या कार्यक्रमांत ज्यांनी तबला वाजवला, त्यांना हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी परत आले तोवर बाबा डग्ग्यावर खोळ चढवत होते.

"समजलं मले. लावू दे त्याइले मोबाइल."

"खोळ काढा ती," मी म्हणाले. बाबांशी इतक्या चढ्या आवाजात मी कधी बोलले नव्हते. मग दिग्दर्शकांकडे वळले. "यांना रंगमंचाच्या कोपऱ्यात बसवा. माझ्या हातावर सुरुवातीपासून उजेड द्या. मी हातानं ताल देते."

"अंधाराची सगळी मजा जाईल."

"जाऊ द्या. तबला नसंन तर मीबी नाही."

बोलून तर बसले. प्रयोग तोंडावर, आणि ही धमकी! ते खरंच जा म्हणाले असते तर? त्यांनी घड्याळ पाहिलं, कपाळ चोळलं आणि वर दिवेवाल्याला हाक मारली, "हिच्या हातावर एक बारका स्पॉट दे."

ते पद एकदाच करून पाहता आलं. प्रयोगात त्या उजेडात मी हातानं ताल धरला. बाबांची नजर हातावरून ढळली नाही. समेवर थाप पडली आणि मी श्वास सोडला. पुढच्या कडव्यात मात्र मी वळले, हात अंधारात गेला आणि ठेका घसरला. मी आलाप लांबवत परत उजेडात आले, तेव्हा बाबांनी तो धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. 

"कानाच्या डॉक्टरले दाखवा लागते," बाबाच म्हणाले.

"सोमवारी जाऊ," मी जरा मोठ्यानंच म्हणाले.

"वरडू नोको. इतकं येते आयकू."