आज हूं कोणाचा?

माझ्या बायकोला मी सांगितलं, "रविवारी कानातलं घ्यायला जाऊ."

चूक इथूनच सुरू झाली. तिने ठेवणीतली साडी काढली, बहिणीला फोन करून "हे स्वतःहून म्हणाले गं" असं दोनदा सांगितलं आणि पनवेल गावात पोचेपर्यंत रिक्षात माझ्याकडे असं बघत राहिली, जसं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघायची. सराफाचं दुकान मागे टाकून मी मोबाइलच्या दुकानाची पायरी चढलो, तेव्हा तिला उलगडा झाला.  काउंटरवरच्या माणसाला ती एवढंच म्हणाली, "ह्यांच्यासाठी हवंय. एकदम गच्च बसणारं द्या. बाहेरचं काही ऐकू येता कामा नये आणि ह्यांना काही सांगावंसंही वाटता कामा नये."

"दुसरं मशीन अजून आलेलं नाही वहिनी," तो म्हणाला. दोघं हसले. मी आपला इअरफोनच्या रबरी टोप्या मोजून बघत होतो.

गरज मात्र खरी होती. मी रोज नवीन पनवेलहून वाशीला ऑफिसला जातो, तेही चौघांत मिळून केलेल्या गाडीतून. गाडी करंजाड्याच्या एका गृहस्थांची, चालवतात तेच. त्यांच्या शेजारी सुकापूरच्या एक मॅडम, बँकेत आहेत. मागे मी आणि माझ्या शेजारी विमा कंपनीतले एक जण. ह्या तिघांकडे कानात घालायची चांगली उपकरणं होती. गाडीमालकसुद्धा सिग्नलला एक कानात अडकवायचे. माझ्याकडे वायरवालं होतं, त्याची डावी बाजू मेलेली, उजवी कळंबोलीच्या पहिल्या खड्ड्याला कानातून निघून सीटखाली जायची. पण खरं सांगायचं तर मला ते लागायचंच नाही. कारण आमच्या गाडीत गोष्टी मी सांगायचो.

घरच्याच गोष्टी. आजोबांनी बैलाला चष्मा लावायचं ठरवलं ती, आत्याच्या सासूने जावयाला ओळखलं नाही ती. गेली काही वर्षं खारघरचा चढ लागला की माझा आवाज लागायचा. शेजारून "हूं" यायचा, पुढून कधी "हूं हूं" यायचा आणि मला वाटायचं, ह्या गाडीत पेट्रोल भरतात ते नावाला, गाडी चालते माझ्यावर.

त्या आठवड्यात माझ्या काकांची गोष्ट चालू होती. काका मुलगी बघायला उरणहून लाँचने मुंबईला निघाले होते. मोऱ्याच्या धक्क्यावर आले आणि समोरून लाँच सुटली. पुढची कधी, तर ओहोटी लागलेली, पाणी चढेपर्यंत बोट नाही. काका हातात पेढ्यांचा पुडा घेऊन धक्क्यावर. तेवढ्यात वाशी आलं. शुक्रवार होता. मी मुद्दामच तिथे थांबलो. म्हटलं, सोमवारी कोणीतरी विचारेलच, मग काकांचं काय झालं?

आणि त्याच शुक्रवारी उतरता उतरता मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पण एक चांगलं इअरफोन घेऊन टाका ना. बाहेरचा आवाज बंद करणारं." गाडीमालकांनी कंपनी सुचवली. विमावाल्यांनी रात्री तीन लिंका पाठवल्या, खाली लिहिलं, 'ह्यात कायपण ऐकू येत नाही, गॅरंटी.' इतक्या आपुलकीने मला आजवर कोणी काही घ्यायला लावलं नव्हतं. माझा ऊर भरून आला.

घेतलं. टोप्या तीन मापांच्या होत्या. मुलीने माझे कान तपासले. "बाबा, तुमचा एक कान मोठा आहे."

"तो ऐकायचा," मी म्हटलं.

"मग वापरला नसेल कधी," ती म्हणाली. आईवर गेली आहे. डावीकडे मोठी, उजवीकडे मधली टोपी बसवून तिने शिकवलं: एकदा दाबलं की गाणं थांबतं, दाबून धरलं की बाहेरचा आवाज आत येतो, पुन्हा धरलं की बंद.

सोमवारी मी गाडीत बसल्या बसल्या दोन्ही कान भरले. उगाचच. म्हटलं, आज मी गप्प बसतो, मग बघा कशी विचारणा होते. जुनी गाणी लावली, डोळे मिटले. डावा कान खाजायला लागला म्हणून टोपी जरा दाबून धरली तर 'टिंग' झालं, गाणं हळू झालं आणि गाडीतला प्रत्येक आवाज माझ्या डोक्याच्या मधोमध येऊन बसला. मॅडमच्या बांगड्यासुद्धा.

"झोपले का?" गाडीमालक.

"कानात घातलंय," विमावाले. "लाइट पण लागलाय. चालू आहे."

"सुटलो देवा," मॅडम म्हणाल्या. "आज हूं कोणाचा होता?"

"तुमचा. सोमवार तुमचा."

"मग आजचा माझा भरला, असं मोजा. फुकटात सुटले."

"असं नाही हां मॅडम. फुकटचा वार मोजायचा नाही. अख्खा मोऱ्याचा धक्का मी एकट्याने काढलाय. तीन दिवस ओहोटी!"

"तुमचीच चूक," गाडीमालक म्हणाले. "तुम्ही बुधवारी 'मग?' म्हणालात. काय ठरलंय आपलं? नुसतं हूं म्हणायचं, 'मग' म्हणायचं नाही. हूं म्हटलं की माणूस बेलापूरला संपतो. मग म्हटलं की वाशीच्या पुढे जातो."

"तोंडातून निघून गेलं हो."

"तोंडातून कसं निघतं? मी गाडी चालवतोय, मला ते पण घालून बसता येत नाही कानात. जरा माझा विचार करा."

"आता प्रश्नच मिटला," मॅडम म्हणाल्या. "वहिनींना मी काल रात्री फोनच केला. म्हटलं, गच्च बसणारं घेतलंत ना? त्या म्हणाल्या, मीच सांगून घेतलं."

मी डोळे मिटूनच होतो. मिटलेल्या डोळ्यांनी तुर्भ्यापर्यंत बसणं किती कठीण असतं ते मला त्या दिवशी कळलं. मधे एकदा चुकून मी त्यांच्या बोलण्यावर मान हलवली. "ताल धरलाय," विमावाले म्हणाले.

संध्याकाळी घरी सांगितलं. सहानुभूती मिळेल असं का वाटलं, देव जाणे. बायको चपात्या लाटत होती. मी सगळं सांगितलं, वार कोणाकोणाचे, मग म्हणायचं नाही, सगळं. ती मधे मधे हूं म्हणत होती. माझ्या लक्षात आलं आणि मी थांबलो.

"तू पण?"

"त्यांनी वार तरी लावलेत," ती म्हणाली. "मी एकटी करते इतकी वर्षं. सुट्टी नाही, बदली नाही. सोन्याचं कानातलं तरी मिळेल वाटलं होतं त्या दिवशी."

"आई, आपण पण वार लावूया," आतून मुलगी.

त्यानंतर मी गाडीत गप्प झालो. रोज कान भरायचो आणि रोज आवाज आत घ्यायचो. वाट बघत होतो. कोणीतरी एकदा, सहज, खिडकीबाहेर बघत का होईना, म्हणेल, अहो ते काका धक्क्यावरच राहिले का? कोणी म्हटलं नाही. गाडीत निवडणुका झाल्या, मॅडमच्या नणंदेचा घटस्फोट झाला, पामबीच रोडवरच्या फ्लॅटचे भाव झाले. काका पेढ्यांचा पुडा घेऊन उन्हात उभे.

मग दिवाळीनंतर गाडीत पाचवा आला. उरणच्या बाजूचा, माझ्याच वयाचा. गाडीमालकांची सोसायटी ज्या जमिनीवर आहे ती एके काळी ह्यांचं भाताचं शेत. वाशीच्या मार्केटात गाळा. दारात दोन गाड्या. मी विचारलं, मग आमच्यात का? तर म्हणाले, "गाडी हाय हो. पन गाडीत एकट्याला बोलाला कोन नाय."

आणि ते बोलायला लागले. मिठागर, खाजण, आईने खेकडा कसा धरला, बापाने जमिनीच्या पैशाची पहिली पेटी घरात आणली तेव्हा कुत्रा कसा भुंकला. मागच्या सीटवर आम्ही तिघं दाटीवाटीने, ते मधे. बोलताना माझ्या गुडघ्यावर थाप. खरं सांगू, गोष्टी माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. त्याचाच मला जास्त राग आला.

आठ दिवसांनी ते सुट्टीवर होते, तेव्हा मॅडमनी मागे वळून माझ्या कानातलं एक स्वतःच्या हाताने काढलं. "भाऊ, आता वार वाढवावे लागतील. गुरुवार तुम्ही घ्याल का? काही नाही, नुसतं हूं म्हणायचं. मग म्हणायचं नाही, बरं का."

मला काय व्हायला हवं होतं? झाला तो आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला गाडीत घेतल्यासारखं वाटलं. दोन गुरुवार मी इतके सुबक हूं दिले की विमावाल्यांनी बोटांनी 'एक नंबर' केलं.

नंतर गाडीमालक म्हणाले, "त्यांना पण एक घ्यायला लावा ना. तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील. गच्च बसणारं."

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "तुमी निवडून द्या, मना त्यातला कलत नाय," म्हणाले. मी निवडलं, मन लावून निवडलं. बॅटरी बघितली, टोप्यांची मापं बघितली. आणि दुकानातच त्यांच्या फोनवरून बाहेरचा आवाज आत घ्यायची सोय मी बंद करून टाकली. कितीही दाबा, काही येणार नाही. त्यांना निदान मॅडमच्या बांगड्या ऐकू येऊ नयेत, म्हणून.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी त्यांच्या उजव्या कानात टोपी बसवून दिली. "बोला कायतरी," ते म्हणाले, "आवाज कमी होतो का बगू."

माझ्या तोंडातून आपोआप निघालं. "माझे काका एकदा मोऱ्याच्या धक्क्यावर आले आणि समोरून लाँच सुटली."

ते वळले. त्यांचे डोळे मोठे झाले. "मोऱ्याला? ओहोटीला? अरे देवा. मंग?"

मंग, म्हणाले ते. पुढच्या सीटवर मॅडमची मान ताठ झाली. मला त्याचं काही नव्हतं, मी सांगत सुटलो होतो. काका भुकेने एक एक पेढा खात गेले. पाणी चढलं तेव्हा पुडा रिकामा. तिकडे मुलीकडचे ताटकळून कंटाळले आणि मुलीला घेऊन स्वतःच निघाले. लाँच मोऱ्याला लागली, त्यातून काकू उतरल्या आणि धक्क्यावर तोंडाला पेढा लागलेला जो माणूस उभा होता त्याला विचारलं, अमक्यांचं घर कुठे हो?

खारघर गेलं, बेलापूर गेलं. ते माझ्या तोंडाकडे बघून मान डोलवत होते, हसत होते. मी संपवून बघितलं तर त्यांच्या डाव्या कानातही निळा दिवा लागला होता. दुसरं कानातलं त्यांनी "मंग" म्हणता म्हणताच घातलं असणार.

"एक नंबर माल!" माझ्या गुडघ्यावर थाप मारून ते अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असे ओरडले. "तुमी बोलताव, पन कायपन ऐकाला येत नाय!"

गाडीत कोणी हसलं नाही, हे मात्र मान्य करायला हवं. पुढून, न वळता, मॅडमचा आवाज आला.

"हूं."

गुरुवार होता. हूं द्यायचा वार माझा.