आखून ठेवलंय

उद्यामास्तरांनी पहिल्यांदा माझं माप घेतलं, तेव्हा त्यांना वाटेत थांबून चहा घ्यावा लागला. टेप धरून ते माझ्या पोटाच्या फेरीला निघाले, पलीकडे दिसेनासे झाले आणि बऱ्याच वेळाने परत येऊन थोरल्या बहिणीला ओरडून म्हणाले, "ताई, टेप संपली गं! दुसरी जोड!"

काजं करता करता ताई म्हणाल्या, "त्यापेक्षा त्यांना आपला पडदाच दे गुंडाळून."

अशी ही भावंडं. पुढे दुकान, मागे खोली, दोन्ही मास्तरांच्या नावावर. मास्तरांची बायको गेली तेव्हा विधवा ताई इथे राहायला आल्या. त्यांनी भाच्याला वाढवलं आणि गावभरच्या शर्टांना काजं-बटणं केली. भाचा शिकून दूरच्या शहरात गेला. ताई काजं करतच राहिल्या.

कपडे कधी, असं विचारलं की मास्तर म्हणत, "उद्या." तो उद्या उलटला की म्हणत, "आखून ठेवलंय, फक्त कापायचं बाकी." याचा अर्थ, तुमचं कापड तुम्ही आणलेल्या पिशवीतून अजून बाहेरही आलेलं नाही. हे सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, तरी आम्ही जात होतो, कारण शिवून मिळालंच तर ते अंगाला असं बसायचं की आरशालाही माझं कौतुक वाटावं.

समोरच्या वकिलाने किती वेळा सांगितलं, "मास्तर, एक कागद, दोन साक्षीदार, तुमची सही. इथेच बसून करू. नाहीतर सगळं मुलाला जाईल, ताईंना काही नाही."

"ताई माझ्याहून मोठी आहे. आधी कोण जाणार, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "अहो, मृत्युपत्र केल्याने माणूस मरत नाही."

"कोट शिवायला टाकला की लग्न ठरलेलंच असतं ना? तसंच हे."

यावर आम्ही सगळे हसलो. बोलायला हा माणूस पक्का होता. ताई तेवढ्या हसल्या नाहीत. "माझं काय करणार आहेस, ते एकदा सांग."

"दुकान आणि खोली तुझीच. आखून ठेवलंय सगळं."

आणि मास्तर एका दुपारी, हातातली इस्त्री तापलेली असतानाच गेले. कुणाचा तरी पायजमा जळाला.

मला या माणसाचा संताप येतो. मेला म्हणून नाही, मरतात सगळेच. दुसऱ्याच्या बाहीत सुताएवढा फरक राहिला तर अख्खी बाही उसवणारा हा माणूस! ज्या बहिणीने याचं घर सांभाळलं, तिच्यासाठी एक सही करायला याचा हात उठला नाही? भाबडेपणा म्हणतात लोक. मी आळस म्हणतो, आणि तोही दुसऱ्याच्या जिवावर केलेला.

मुलगा आला. वाईट नाही तो. मी आणि वकील दुकानात बसलो होतो, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "आत्या, दुकान-खोली विकत घ्यायला गिऱ्हाईक आलंय. तू माझ्याकडे चल ना."

"तुझ्या पाचव्या मजल्यावर मी काय करू? लिफ्टला काजं?" ताईंचा आवाज चढला. "तुझा बाप म्हणाला होता, हे माझं. सगळं आखून ठेवलंय म्हणाला होता."

वकिलाने खिडकीबाहेर पाहिलं.

मुलगा हळूच म्हणाला, "आत्या, बाबांचं 'आखून ठेवलंय' म्हणजे काय, हे तुला मी सांगायचं?"

मास्तर चहाला गेले की 'आखून ठेवलंय' हे वाक्य गिऱ्हाइकांना ताई स्वतःच सांगत आल्या होत्या. त्यांनी सुईतला दोरा दातांनी तोडला आणि सुईदोऱ्याचा डबा बंद केला. त्या डब्याएवढंच त्यांचं होतं.

भाच्याकडे त्या गेल्या नाहीत. भाड्याची खोली घेऊन पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या शिंप्याकडे काजं करतात. मास्तरांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.