टकटकमामाचा सांधा

घाटकोपरच्या डोंगरावर आमची दहा बाय दहाची खोली होती. जमिनीला नुसता कोबा, आणि पावसाळाभर तो घामेजलेला. बाबा गेल्यावर आई चार घरची धुणीभांडी करायची. माझी पुस्तकं दुधाच्या पिशव्यांत बांधून फळीवर ठेवलेली, कारण खाली ठेवली की पानं चिकटून एक व्हायची. मी आठवीत असताना आईचा भाऊ एका रविवारी पोतं खांद्यावर टाकून चढण चढून आला. पोत्यात कामावर उरलेल्या फरश्या, सात रंगांच्या. संध्याकाळपर्यंत त्याने जमीन करून दिली. त्या दिवशी मी पहिल्यांदा जमिनीवर वही टेकवून लिहिलं.

मामाचं खरं नाव वस्तीत कोणी घेत नसे. तो टकटकमामा. कुठेही गेला की गुडघ्यावर बसून बोटाच्या पेराने फरशी वाजवायचा. लग्नाचा हॉल असो, बँक असो. "पोकळ," म्हणायचा आणि मान हलवायचा, जणू घरातलंच कोणी आजारी आहे. माझ्या फीमाफीच्या अर्जावर सही करायला कॉलेजात आला, तर प्राचार्यांच्या केबिनमध्येही खाली बसला. मी लाजेने मेले.

"काय हरवलं का?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाय साहेब. तुमच्या खुर्चेखाली पोकळ असा. जपून बसा."

मला मात्र तो एकच गोष्ट सांगायचा. "फरशी नको बघू गो, सांधो बघ. पाणी सांध्यातून जाता."

मी पीएच.डी.ला लागले तेव्हा त्याला समजावून सांगितलं होतं. शरीरातल्या पेशी प्रथिनांनी एकमेकींना धरून असतात, तो त्यांचा सांधा. तो ढिला पडला की पेशी सुटते, भटकते, आणि कर्करोग दुसरीकडे जाऊन बसतो. मामाने त्यातलं एवढंच धरलं की भाची सांध्यांची डॉक्टर होणार. पुढच्या रविवारी दारात तीन बायका उभ्या, गुडघ्यांचे एक्स-रे घेऊन.

"मामा, काय सांगितलंस यांना?"

"खोटा काय सांगलंय? सांधेच मां तुझे?"

एकीला मी म्हटलं, मावशी, चढउतार कमी करा. ती बघतच राहिली. "डोंगरावर राहते मी, पोरी. उडून येऊ का घरी?"

चौथ्या वर्षी माझी वाट लागली. अंदाज साधा होता. कर्करोगाच्या ज्या गाठीतला पेशींचा सांधा आपण तोडलाय, ती उंदरात जास्त पसरायला हवी. काचेच्या बशीत त्या पेशी पळायच्याही. पण उंदराच्या फुप्फुसात जेमतेम दिसायच्या, आणि सांधा शाबूत असलेली गाठ खुशाल पसरायची. तीनदा केलं, तीनदा तेच. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "हात सुधार, नाहीतर विषय बदल." विषय बदलायचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणि शिष्यवृत्ती वर्षभरात संपत होती. आई अजून भांडी घासतच होती. मी इतकी दमले होते की रडूही येत नव्हतं.

त्यातच मामाला जेवण जाईनासं झालं. जठराचा कर्करोग निघाला, यकृतापर्यंत गेलेला. ज्या रोगावर मी वर्षं घालवली, तो आमच्याच माणसाच्या पोटात होता आणि मला पत्ता नव्हता.

तपासणीसाठी त्याला घेऊन रुग्णालयाच्या रांगेत बसले होते. समोरच्या बाकाखाली चार फरश्या तंबूसारख्या उचलल्या गेलेल्या. मामा काठीने त्यांच्यावर टकटक करत होता.

"बघलंस? चारय एकदम उठल्यो."

"सांधा खराब असेल," मी कंटाळून म्हटलं.

"नाय गो! सांधो पक्को, म्हणान एकदम उठल्यो. खालचो सिमेंटाचो माल सुटलो. एकटी उठली तर पायाखाली फुटता. चार एकमेकींक धरून असल्यो तर फुटणत नाय."

मी त्या फरश्यांकडे बघत राहिले. गाठीतून सुटलेल्या पेशी फुप्फुसात जातात त्या रक्तातून, आणि उंदराचं रक्त तपासण्याआधी मी ते बारीक जाळीतून गाळायची. जाळीत अडकलेल्या गुठळ्या थेट कचऱ्यात. आम्हाला तसंच शिकवलेलं, गुठळी म्हणजे गलिच्छ काम. इतकी वर्षं मी एकट्या पेशी मोजत बसले होते आणि एकमेकींना धरून निघालेल्या फेकून देत होते.

पुढच्या खेपेला गाळलं नाही. पेशींच्या गुठळ्या होत्या, सांध्यांसकट. एकटी पेशी रक्तात मरून जात होती, त्या तग धरत होत्या. मॅडम सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "पुन्हा कर." मी पुन्हा केलं. मग म्हणाल्या, "लिही."

मामाला सांगायला गेले तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याचो माका काय उपेग?"

"काही नाही, मामा. यातून औषध निघालंच तरी किती वर्षं लागतील, सांगता येत नाही."

त्याने माझ्या हातावर पेराने दोनदा टकटक केली. "खरा बोल्लंस. पोकळ नाय वाजला."

माझ्या तोंडी परीक्षेच्या आधीच तो गेला. परीक्षकांनी विचारलं, रक्त गाळायचं थांबवावं हे कसं सुचलं? मी म्हटलं, "माझे मामा फरशी बसवायचे." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

पदवी मिळाली. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. प्रयोगशाळेच्या भिंतीवर कामाच्या पद्धतीचा कागद लावलेला आहे. त्यावर 'रक्त गाळा' या ओळीच्या वर माझ्या अक्षरात आता एक ओळ आहे: आधी गुठळ्या मोजा.