दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे

जिल्हा नवा होता आणि पाणी नव्हते. त्या उन्हाळ्याविषयी विद्यार्थ्यांनी विचारले, की मी इथूनच सुरुवात करते. लातूरच्या कचेऱ्यांवरील पाट्यांचा रंग ताजा होता. आमच्या शाळेच्या शिक्क्यावर मात्र अजून जुन्याच जिल्ह्याचे नाव उमटत असे. नांदेडला बी.एड. करून मी त्या शाळेत भूगोल शिकवू लागले होते आणि आई माझ्याजवळ राहायला आली होती. थोरला भाऊ आखातात एका बांधकाम कंपनीत होता.

त्याच्याबरोबर काम करणारे अहमदपूरचे एक गृहस्थ सुटीवर आले, तेव्हा त्यांनी भावाने दिलेली एक कॅसेट आणून दिली. निरोप असा होता, की ही ऐकावी, आईलाही ऐकवावी आणि गृहस्थ परत निघतील तेव्हा त्यांच्याजवळ द्यावी. भावाला ती कुणा परदेशी सोबत्याने भरून दिली होती.

कॅसेटवर एका गायकाचा रॉक अल्बम होता. अल्बम म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हते. गाणे सुटे ऐकायचे, रेडिओवर लागेल ते, एवढीच आमची सवय. इथे एकाच माणसाने गाणी लिहिली होती, चाली लावल्या होत्या, तोच ती गात होता, आणि कोणत्या गाण्यामागून कोणते यावे हेही त्यानेच ठरवले होते. पाठ्यपुस्तकातील धड्यांसारखा तो क्रम होता: आधीचा झाल्याशिवाय पुढचा उलगडत नसे.

शाळा सकाळची होती. दुपारी घरी आले, की मी टेपरेकॉर्डर लावून फरशीवर आडवी होत असे. बाहेर ऊन असे पडलेले असे, की निंबाची सावलीसुद्धा फिकी वाटावी. पहिल्या बाजूला ढोल आणि विजेची गिटार यांचा गजर होता. दुसरी बाजू मात्र हळूहळू निवत जाई. तिच्यातले तिसरे गाणे नुसत्या गिटारीवर सुरू होई आणि मध्येच, दूरवरून मालगाडी यावी तसा, बाकीचा वाद्यमेळ त्याच्याखाली येऊन उभा राही. मला अर्धेच शब्द कळत. उरलेल्या जागी मी एक प्रदेश कल्पिला होता. त्याला अक्षांश-रेखांश नव्हते. एक रुंद नदी होती, तिच्या काठाने एक माणूस चालत होता, आणि नदी कधीही आटणार नव्हती.

आई ज्वारी निवडत ऐके. एकदा ती म्हणाली, “हा मानूस कुणाची तरी वाट पाहून राहिला.”

मी विचारले, की तुला शब्द कसे कळले.

“शब्द कशाला लागतेत? दम कसा धरलाय बघ की.”

कॅसेट परत द्यायची वेळ जवळ आली, तेव्हा आईने वेगळाच प्रश्न काढला. शेजारच्या घरातून कालवणाचे भांडे आले, तर ते मोकळे परत करत नाहीत; दुसरे काही नसले तरी साखरेची चिमूट घालतात. लेकाचे भांडे मोकळे कसे पाठवायचे, असे तिचे म्हणणे होते. मी तिला दाखवले, की दुसऱ्या बाजूच्या शेवटी फीत कोरी आहे आणि तिथे तिचा आवाज भरता येईल. रिकामी जागा असल्याचे ऐकून ती समाधान पावली.

तिने धुतलेले लुगडे नेसले, टेपरेकॉर्डरसमोर ताठ बसली आणि प्रथम संपूर्ण त्रिशरण म्हटले. नंतर सभेत बोलावे तशा आवाजात, सर्व मंडळी खुशाल आहेत, पाण्याची थोडी अडचण आहे, तू जेवणाची हयगय करू नयेस, असे सांगितले. घरात ती असे कधीच बोलत नसे. मला ते खटकले, पण पुन्हा बोलायला ती तयार झाली नाही.

मला चिंता होती ती वेगळी. गृहस्थ दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एस.टी.ने निघणार होते आणि त्यांच्याबरोबर तो अल्बमही जाणार होता. लातुरात तो कुठे मिळण्यासारखा नव्हता. मी शाळेतला टेपरेकॉर्डर मुख्याध्यापकांच्या परवानगीने घरी आणला, कोरी कॅसेट घेतली आणि त्यांच्या निघण्याच्या दिवशी दुपारी बाजेवर दोन्ही यंत्रे समोरासमोर ठेवली: एक गाणार, दुसरे ऐकणार. जोडवायर नव्हती, जे काही जाईल ते खोलीतल्या हवेतून जाणार होते. म्हणून खिडकी लावली, पंखा बंद केला आणि आईला ताकीद दिली, की एक शब्दही बोलायचा नाही. टँकर नेहमी सकाळी येई, त्यामुळे दुपार सुरक्षित होती.

पहिली बाजू निर्विघ्न उतरली. घामाने आमचे चेहरे चमकत होते, आणि आई त्रिशरणाच्या वेळी बसली होती तशीच ताठ बसून होती. दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे सुरू झाले. नदीकाठचा तो माणूस चालू लागला आणि गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला.

आईने माझ्याकडे पाहिले. मी ओठांवर बोट ठेवले. बाहेर घागरींचा गलका उठला. ती थोडा वेळ तशीच बसली. मग चवड्यांवर उठली, घागर उचलली, ती दाराच्या चौकटीला ठणकन लागली. तिने मागे वळून, जणू गायकाचीच परवानगी घेत, हलकेच म्हटले, “तुझं चालू दे, बाबा. पानी आलंय. मी आले.”

नंतर रांगेतून तिचा मोठा आवाज बंद खिडकीतूनही आत आला: “अगं बायांनो, हळू भांडा की! माझ्या लेकीच्या घरात गाणं उतरून राहिलंय.”

“मग पानी बी तालावर भरू का मावशी?” कुणीतरी विचारले, आणि सगळी रांग हसली.

ते गाणे शेवटी पुन्हा उतरवून घेऊ, म्हणून मी यंत्र थांबवले नाही. पण अल्बम संपता संपताच वीज गेली आणि थोड्याच वेळात गृहस्थ दारात उभे राहिले. कॅसेट गेली. माझ्याजवळ डागाळलेली प्रत राहिली. पुढची अनेक वर्षे मी ती तशीच ऐकली.

आई गेल्यानंतर भाऊ कायमचा परत आला. तिचा आवाज भरलेली त्याची कॅसेट तिकडच्या उन्हात केव्हाच खराब झाली होती. त्याने तो अल्बम तबकडीवर आणला होता, स्वच्छ, नितळ. आम्ही दोघे ऐकत बसलो. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात एका जागी माझा श्वास आपोआप थांबला. तिथे हॉर्न वाजला नाही. गाणे तसेच पुढे गेले आणि ते मला अपुरे वाटले.

मी माझी कॅसेट काढली. घागर चौकटीला लागली, तेव्हा भाऊ सरसावून बसला. “हळू भांडा” ऐकून तो हसला आणि हसता हसता त्याने तोंड दुसरीकडे फिरवले.

“मला तिनं पाठवलं ते भाषण होतं,” तो म्हणाला. “आपली आई तर ही हाय.”

त्याला प्रत हवी होती. आता जोडवायर मिळते, हे मला माहीत होते. तरीही मी बाजेवर दोन यंत्रे समोरासमोर ठेवली, पंखा चालू राहू दिला आणि उठून खिडकी उघडली. गल्लीत कुणाच्या तरी नळाचे पाणी बादलीत पडत होते. ते त्या प्रतीत उतरले आहे.