टेपरेकॉर्डरच्या लग्नाला उलव्याला

टेप बिघडलेला नाही, हे मी आता चौथ्यांदा सांगते. बटण दाबलं की चालतो, सोडलं की थांबतो, आणखी काय करायचं त्यानं, पाढे म्हणायचे? त्याच्या जाळीला पिवळं लागलंय ती हळद आहे. हळदीनं कुणाचं वाकडं झालेलं मी आजवर ऐकलं नाही. पण आमच्या शाळेचे मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, सोमवारपासून असे बघतात माझ्याकडे, जणू मी तो टेप खाडीत बुडवून आणला. वर आतली कॅसेट काढून त्यांनी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. ती पुसून तिच्यावर दुसरं काही भरायचा त्यांचा विचार आहे. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. सहलीला गेलेल्या प्रत्येकानं शाळेच्या भिंतीवर लावायला प्रवासवर्णन लिहायचं असं सुमनबाईंनी सांगितलं होतं. मीही गेले होते, मीही लिहिणार. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जोडाक्षरं वंदनानं नीट केलीत, वाक्यं माझी.

वंदना माझी मुलगी, सातवीत आहे. सुमनबाई तिला इतिहास शिकवतात. राहायला वाशीच्या नव्या फ्लॅटात, मूळच्या पुण्याकडच्या, अंगानं काडी पण डोक्यात सदा काहीतरी खदखदणारं. त्यांनी वर्गाकडून प्लायवूडचा भलामोठा नकाशा करून घेतलाय. खाडी, मिठागरं, बांध, सगळी जुनी गावं. प्रत्येक गावाला टॉर्चचा बल्ब. बटण दाबलं की बल्ब पेटतो, आणि मग एका पोरानं त्या गावची कॅसेट लावायची, गावचं माणूस बोलायला लागतं. पुस्तकात राजे आहेत, पण ही जमीन खाडीतून काढली कुणी ते नाही, ते तुम्ही शोधा, असं बाई म्हणाल्या. आमच्या शिरवण्याचे म्हातारे बोलून झाले होते. उलवे राहिलं होतं.

उलवे माझं माहेर. माझी चांगुणा आत्या तिथली धवलारीण. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवले गाते ती धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. वंदना घरी येऊन म्हणाली, "आये, मुलींसोबत एक बाईमाणूस पायजे. बाई तुलाच बोलवतान." मी मासळीची टोपली खाली ठेवली आणि म्हटलं चला. लग्नाला, मयताला सोडून मी गाव सोडलेलं नाही. सहल म्हणून जायचं, तेही पोरांत! रात्रभर मला हसूच येत होतं.

आता जाणाऱ्यांनी नीट वाचा. दिवाळ्याहून होडी मिळते, पण भरती बघून निघा. त्या दिवशी दशमी होती. दशमीला सकाळी आठच्या सुमाराला खाडी भरते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी सुमनबाईंना बजावलं होतं, साडेसातला धक्क्यावर या. त्या आल्या दहाला. मोठ्या सरांचं परवानगीचं पत्र सही होऊन मिळायला उशीर झाला म्हणे. पत्रात काय होतं? 'सहा विद्यार्थी, एक टेप, एक कॅसेट.' एवढ्याला अडीच तास, आणि तेवढ्यात खाडी निम्मी निघून गेली.

होडीवाला पोरांना मोजत म्हणाला, "बाई, पानी तुमच्या सहीसाठी थांबत नाय."

सुमनबाई म्हणाल्या, "अहो, घड्याळात तर दहाच वाजलेत!"

"खाडीला घड्याळ नाय बांधला अजून. ते पन येल आता, नवा शहर येतंय ना."

पलीकडचा किनारा हाकेवर आला आणि होडी चिखलात बसली. मग काय, उतरा! गुडघाभर चिखल. टेप मी साडीच्या धडप्यात गुंडाळून टोपलीत घालून डोक्यावर घेतला होता. सुमनबाईंची एक चप्पल चिखलानं गिळली, ती काढायला वाकल्या तर दुसरी गेली. वंदना हसून हसून बसलीच चिखलात, तिला उठवायला गेलेला पोरगाही बसला. मी ओरडत होते, "उठा रं, म्हशी हायेत का काय!" आणि माझंच पोट दुखत होतं हसून. होडीवाला लांबून विचारतोय, "टोपलीत काय हाय, बोंबील?" मी म्हटलं, "इतिहास हाय!" तो म्हणाला, "मंग वास नाय मारत?"

आत्याच्या अंगणात पोचलो तेव्हा आमचा रंग खाडीचाच होता. तिनं विहिरीवर सगळ्यांना धुऊन काढलं आणि तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण वाढलं. सुमनबाई मासे खात नाहीत. त्यांना वालाचं बिरडं केलं, तीन भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी. उलव्यात खानावळ शोधू नका, नाही. कुणाच्या तरी घरी आधी निरोप पाठवा आणि हात हलवत जाऊ नका.

जेवणं झाल्यावर पोरांनी टेप मांडला. वंदना आत्यासमोर बसली आणि म्हणाली, "आजे, म्हन आता धवला."

आत्यानं सुपारी कातरली. "लगीन कोनाचा हाय?"

"कोनाचा नाय. आमाला इतिहासाला पायजे."

"मंग मी नाय म्हनाची. लगनाबिगर धवला म्हनला तं देव येतील न बगतील, मांडव कुठं हाय? तेंना काय सांगू, शाला भरलीय?"

सुमनबाईंनी हात जोडले, समजावलं, नुसते शब्द तरी सांगा म्हणाल्या. आत्या नाही म्हणजे नाही. गाणं तुटक सांगायचं नसतं. बाईंचा चेहरा एवढासा झाला. त्या मला हळूच म्हणाल्या, "वंदनाच्या आई, त्यांच्यानंतर हे कुणाला येतं?" मी म्हटलं, कुणाला नाही. आत्याच्या हाताखाली कुणी शिकलंच नाही. आत्याला दम लागतो, हे मी जेवताना पाहिलं होतं. आणि नव्या शहरासाठी जमिनी चालल्यात, पुढच्या वर्षी त्या बांधांवर काय असेल ते सरकारला माहीत.

मला वाट बघणं जमत नाही. मी उठले आणि म्हटलं, "लगीनच पायजे ना? हा नवरा!" आणि टेप उचलून पाटावर ठेवला.

मला वाटलं आता आत्या अडकित्ता फेकून मारते. तर ती विचारते, "नवऱ्याचा गाव कंचा?"

"जपान."

"तलोज्याच्या पल्याड काय?"

"लय पल्याड."

"करतो काय?"

"बोलतो, गातो."

"खातो काय?"

"चार सेल."

"दर खेपेला चार? मंग पोरीचा काय व्हनार गो! आनि पोर कुठं हाय?"

सुमनबाईंनी गळ्यातला कॅमेरा काढला, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि म्हणाल्या, "ही आमची मुलगी. एकाच डोळ्यानं बघते, पण एकदा बघितलेलं विसरत नाही." पुण्याची बाई बरं का! आत्या तोंडाला पदर लावून खुदखुदायला लागली. मग काय थांबतंय! शेजारणी जमल्या. पोरांत दोन तट पडले, नवऱ्याकडचे आणि नवरीकडचे, आणि मानपानावरून खरी भांडणं. "आमच्या नवऱ्याला पाट दिला, सतरंजी कुठंय?" "तुमच्या नवऱ्याचं झाकण ढिलं आहे ते आधी बघा!" लिंबाच्या पाल्याचा मांडव झाला, दोऱ्याच्या मुंडावळ्या झाल्या, जात्याजवळ हळद कुटली. नवऱ्याला हळद मीच लावली. हे मी लपवत नाही.

आत्या बसली. वंदनानं लाल बटण दाबलं. आणि आत्यानं पहिली ओळ उचलली.

धवला मी शंभरदा ऐकलाय, पण लग्नात कोण नीट ऐकतं? जेवणाची घाई असते. त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकला. आत्या देवांना लग्नाला बोलावते, मग विहिरींना, मग मिठागरांना, मग बांधांना. प्रत्येकाला नावानं. आणि ज्यानं बांधला त्याला बरोबर घेऊन यायला सांगते. 'ये गो ये जुन्या बांधा, तुला काशीबायनं मातीनं भरला, तिला संगती घेऊन ये.' काशीबाय माझी पणजी. बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तेव्हा पुरुष होड्यांवर होते आणि आठ बायका त्या खांडीत उभ्या राहिल्या, पाणी कमरेला, हातोहात मातीच्या टोपल्या. आठही नावं आहेत गाण्यात. माझ्या पणजीचं नाव मला त्या दिवशी कळलं. एवढं वय झालं माझं! सुमनबाई भराभर वहीत लिहीत होत्या आणि वहीवर टपटप पाणी पडत होतं.

तेवढ्यात टेपची चाकं मंदावली. सेल संपले. "आये, नवऱ्याला चक्कर आली!" वंदना कुजबुजली. धवला मध्ये तोडत नाहीत, आत्या थांबणार नाही. मी शेजारच्या घरात घुसले, खुंटीवरचा चार सेलचा टॉर्च ओढला, परत धावत आले आणि त्यातले सेल टेपात घातले. तेवढ्यात एक विहीर निसटली. बाकी सगळं आहे.

संपल्यावर पोरं मागे लागली, ती विहीर परत म्हणा. आत्या धापा टाकत म्हणाली, "एका लगनाला एकदाच. आता तेंचा लगीन जाला. पयलीच्या समोर दुसरी करता काय?" मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "हा माजा शेवटचा मांडव, पोरांनो. आता मना दम पुरत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून तासभर चालून सडकेला लागलो, तिथून एसटीनं पनवेल, पनवेलला गाडी बदलून शिरवण्याच्या फाट्यावर उतरलो. येताना हाच रस्ता बरा, चपला शाबूत राहतात. सगळी गाडी आमच्याकडे वळून बघत होती, कारण पोरं नवरा-नवरीला खिडकीजवळची जागा मागत होती.

सोमवारी वर्गात उलव्याचं बटण दाबलं. बल्ब पेटला, टेप सुरू झाला, आत्या बोलवायला लागली. खिडकीबाहेर आम्ही गावातल्या सात-आठ जणी उभ्या होतो. एकेक बांधाचं नाव आलं की आतली पोरं नकाशावर बोट ठेवत होती, आणि वंदनानं खडूनं तिथं काशीबाई लिहिलं. इतिहासाच्या तासाला आमच्या घरचं नाव! घरी परत येऊन माझ्याकडे काही राहिलं असेल तर ते हे. मला आता इतिहासाचा कंटाळा येत नाही. वंदना धडा वाचते तेव्हा मी चुलीपाशून विचारते, बांधला कुणी ते लिहिलंय का बघ.

मोठे सर दारात आले. हळद बघितली. "ही लग्नाची गाणी आहेत. इतिहासाला सनावळ्या लागतात," म्हणाले. कॅसेट काढली. येत्या रविवारी संमेलनात पाहुण्यांचं भाषण तिच्यावर भरायचं आहे. मी त्याच दिवशी वंदनाच्या वडिलांना सांगून कोरी कॅसेट मागवली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. भाषण हिच्यावर भरा, ती आम्हाला द्या. सर म्हणाले, "बघू." मंगळवारी गेले, "बघू." काल गेले, शिपाई म्हणाला, सर म्हणालेत बघू.

सुमनबाई म्हणाल्या, हा शेवटचा भाग भिंतीवर लावताना गाळूया. नाही गाळायचा.

मोठे सर, पाहुणे पुढच्या वर्षीही येतील आणि हेच बोलतील. आत्या परत गाणार नाही. सन तुम्हाला पाहिजे तर तुम्ही शोधा, नावं आम्ही आणून दिलीत. शनिवारी शाळा सकाळची असते. साडेअकराला सुटते तेव्हा मी तुमच्या दाराशी असेन, खिडकीबाहेरच्या सगळ्या जणी बरोबर असतील. रविवारी टेपमध्ये कुठली कॅसेट घालणार, कोरी की आमची, एवढंच सांगा. 'बघू' हे उत्तर धरलं जाणार नाही.