बिनालेबलाची बाटली

माझा स्वभाव संशयी. दूधवाल्यासमोरच दूध बोटावर घेऊन बघणारी बाई मी. लोक हसतात, हसोत. त्यामुळे टायफॉइडने खंगलेल्या बाबांसाठी काकांनी कोहमाऱ्याच्या चौकातून टॉनिक आणलं, तेव्हा मी आधी बाटली उलटसुलट करून पाहिली. लेबल नाही, तारीख नाही. जडीबुटी आहे, माणूस उठून कामाला लागतो, एवढंच विकणाऱ्याने काकांना सांगितलं होतं.

बाबा चार दिवसांत उठले. भूक लागली, गुडघे दुखायचे थांबले, रोवणीला ते स्वतः धानाच्या बांधीत उतरले. काका नेमाने बाटल्या आणत राहिले. कामठ्याच्या बाजारात जो तो म्हणायचा, म्हातारा चांगला भरला. कापणीपर्यंत गाल इतके वर आले की डोळे बारीक दिसू लागले. सगळे खूश, मला मात्र ते पटेना. चार दिवसांत ताकद देणारी ही कुठली जडीबुटी? काकांना विचारलं तर ते चिडले. बाबा म्हणाले, तुले सगळ्यातच खोट दिसते.

मग मी विचारणंच सोडलं. डब्यातली वाळलेली मोहफुलं गुळासोबत उकळली. तसाच काळपट रंग, तसाच दाटपणा. टॉनिक मोरीत ओतलं, बाटलीत काढा भरला आणि दोन्ही वेळा माझ्या हाताने चमचा द्यायला लागले. स्वतःच्या हुशारीवर खूशही होते.

पाचव्या दिवशी बाबा शेताच्या बांधावर, धुऱ्यावर कोसळले. उलट्या, अंग गार. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"उसमें स्टेरॉइड होगा. ऐसी दवा धीरे-धीरे छुड़ानी पड़ती है. एकदम किसने बंद की?"

काका म्हणाले, बाटल्या तर मी आणतच होतो. मी म्हणाले, "मी." माझा संशय खरा निघाला होता, आणि बाबांना खाटेवर मीच आणलं होतं. त्या खरेपणाची मला लाज वाटली.

दोन दिवसांनी बाबा बोलू लागले. मी रडत रडत मोहफुलांचं सांगितलं. ते थकलेले होते, पण चकित झाले नाहीत.

"जलमभर मोहफूल वेचून राहिलो मी. पयल्याच चमच्याले समजलं."

मग काऊन घेतलं, मी विचारलं.

"तू देऊन राहिली होतीस ना."