बेटम्याच्या बायका आणि माझा सा

दर मंगळवारी मी पेटी घेऊन इंदूरहून बेटम्याला जाते. बस भरलेली, गुडघे दुखत असतात आणि पेटी कुठे ठेवायची यावरून कंडक्टरशी वाद ठरलेला. शाळेतल्या गाण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर आता नुसता आराम, असं मी घरी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. तेवढ्यात इंदूरच्याच तुकोगंजातल्या एका मानसोपचाराच्या दवाखान्यानं विचारलं, खेड्यातल्या बायकांसाठी गाण्यातून उपचाराचा एक वर्ग घ्याल का, आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. आता मंगळवार उजाडला की अंग आधीच नको म्हणतं.

बेटम्यात धर्मशाळेच्या एका खोलीत आम्ही जमतो. कुणाला झोप नाही, कुणाची छाती धडधडते, कुणाला उगाच रडू येतं. औषधं डॉक्टर देतात. मी त्यांना श्वास घ्यायला, आवाज मोकळा करायला लावते, आणि थोडा वेळ त्या एकट्या नसतात. माझ्याबरोबर समुपदेशक असते, पुण्याहून नोकरीसाठी इंदूरला आलेली तरुण मुलगी. "काकू, सावकाश घ्या," असं ती मला सारखी सांगते. घाई करायला अंगात ताकद कुठे आहे?

त्या बायकांत एक सून होती, कोवळीच. जेवण तुटलेलं, बोलणं जवळजवळ बंद. सासू तिला घेऊन यायची आणि आमचं संपेपर्यंत बाहेर ओट्यावर बसून राहायची. सून समुपदेशक मुलीशी एकदाच काय ते धड बोलली होती, "मम्मी से बात करनी है." घरातला फोन सासूच्या ताब्यात. सुनेला विचारून आम्ही तो विषय सासूकडे काढला, तर ती म्हणाली, "बात करती है तो दो दिन रोती है, मैडमजी. फिर घर कौन सँभाले?" वाईट बाई नव्हती ती. माझ्यासारखीच दमलेली होती. पण आईचा आवाज कानावर पडल्याला त्या मुलीला कित्येक महिने झाले होते, आणि ते कसं जमवायचं, हे आम्हा दोघींना सुचत नव्हतं.

मी आपली त्यांना सा लावायला लावायची. डोळे मिटा, श्वास घ्या, स्वर धरून ठेवा. स्वर कुणाचाच लागला नाही, डोळा मात्र सगळ्यांचा लागायचा. शेवटी त्या सुनेच्याच गल्लीतली एक दणकट, वयस्क बाई म्हणाली, "बेनजी, इससे तो नींद आवे. गाळ गा लें?"

माळव्यात लग्नात बायका दुसऱ्या पक्षाला गाण्यातून शिव्या देतात, ती गाळ. त्यातून सासू, विहीण, नणंद कुणीच सुटत नाही, आणि ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही असा नियम. आमच्या मराठी घरांतही विहिणींना गाण्यातून चिमटे काढतात, पण ते वरणभात आणि हे लाल तिखट.

मी पेटी बाजूला सारली. एकीनं थाळी वाजवायला घेतली, आणि प्रत्येक जण आपापल्या घरातल्या कुणालातरी एकेका ओळीत फैलावर घेऊ लागली. सुनेची पाळी आली तेव्हा मला वाटलं, आता हिला ओलांडून पुढे जातील. पण ती गायली. सासूच्या पोलक्यात मोबाईल झोपतो, माझ्या आईचं नाव निघालं की घोरायला लागतो, असं काहीतरी. आवाज बारीक, पण चाल अगदी पक्की. खोलीभर हशा झाला आणि त्यात सगळ्यांत मोठं हसू बाहेर ओट्यावरून आलं, सासूचं. माझा जीव भांड्यात पडला. परतताना समुपदेशक मुलगी इंदूर येईपर्यंत आनंदानं बोलत होती, आणि मी झोपले.

पुढच्या मंगळवारी सून आली नाही. सासूनं त्या वयस्क शेजारणीच्या हाती आमच्यासाठी शेवेचा पुडा पाठवला होता. आम्ही तिथूनच सासूला फोन लावला.

"अरे मैडमजी, बोलने लगी, गाने लगी, ठीक हो गई," सासू म्हणाली. "अब काहे को लाना? आपका तो बड़ा उपकार है."

"और मम्मी से बात?"

"फिर रोएगी," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

"काकू, असं कसं? ती बोलायला लागली म्हणून तिचं येणंच बंद?" समुपदेशक मुलीचे डोळे भरून आले. तिनं शेवेला हात लावला नाही. मी खाल्ली. भूक लागली होती, आणि चीडही आली होती. त्या दिवशी हे काम सोडायचं मी ठरवलं होतं. सोडलं नाही, कारण कुणाला कळवायचं हे विचारायचासुद्धा कंटाळा आला.

मग त्यांच्या गल्लीत एक लग्न निघालं. लग्नाआधी बायकांना गाण्याचं बोलावणं जातं, आणि ते आलं की सुनेला न्यावंच लागतं, नाहीतर गल्लीत नाक कापलं जातं. सासूनं तिला नेलं. हे मला नंतरच्या मंगळवारी शेजारणीनं सांगितलं. आम्हाला बोलावणं नव्हतं, आणि बरंच झालं.

"गाया उसने?" मी विचारलं.

"ना, बेनजी. मुंडो भी नी खोल्यो."

तोंडसुद्धा उघडलं नाही म्हटल्यावर माझा चेहरा पडला असावा. ती जवळ सरकली. "मैंने उसको पीछे की कोठरी में बिठा दिया. अपने मोबाइल से उसकी मम्मी को फोन लगा के दिया."

सासू पुढच्या खोलीत बसली होती. तिच्या कानावर काही जाऊ नये म्हणून शेजारणीनं आणि बाकीच्या बायकांनी एकही गाणं पुरतं संपू दिलं नाही. एक संपत आलं की दुसरी पुढचं उचलायची. सासूही टाळ्या वाजवत त्यांच्याबरोबर गात होती. सून डोळे पुसून बाहेर येईपर्यंत कुणी थांबलं नाही.

"क्या बोलीं दोनों?" मला राहवलं नाही.

शेजारणीचा घसा अजून बसलेला होता. "क्या मालूम, बेनजी," ती म्हणाली. "अपन तो गा रहे थे."